एकशे वीस, ऐंशी

२१ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने भरता, म्हणून लिहून कळवते. मागच्या फोननंतर तुम्ही आईला सांगितलंत म्हणे, की मला जुळं आहे. जुळं नाही, बाबा. डॉक्टर दोन आहेत, एवढंच मी म्हणाले होते. एक बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाई आणि दुसरे आपले जुने ल्युपसवाले, ज्यांना आई सांधेवाले म्हणते.

गेली पाच वर्षं या ल्युपसमुळे माझं शरीर स्वतःलाच परकं समजून स्वतःवर धावून जातंय, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. या दोघांनी मिळून मला वर्षभर थांबवलं होतं. मूत्रपिंडांसाठीची जुनी जहाल गोळी बदलली, आजार सहा महिने गप्प राहिला, मगच दोघांनी मान हलवली. आता तेरावा आठवडा आहे आणि बाळ लिंबाएवढं झालंय. शेजारच्या काकूंनी आईला सांगितलंय ना, की दिवस गेले की सगळ्या गोळ्या बंद कराव्यात? त्यांना म्हणावं, सांधेवाल्यांनी ठणकावून सांगितलंय की ल्युपसची नेहमीची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. ती बंद केली तर झोपलेला आजार उठून बसेल.

आता तुमच्या कामाचं. रोज सकाळ-संध्याकाळ घरी ब्लडप्रेशर मोजायचं आणि आठवड्यातून दोनदा लघवीत पट्टी बुडवून तिचा रंग बघायचा. वरचा आकडा एकशे चाळीसला किंवा खालचा नव्वदला टेकला, किंवा लघवीत प्रथिनं उतरून पट्टी हिरवी झाली, तर त्याच दिवशी दवाखान्यात हजर व्हायचं. त्यात माझी मूत्रपिंडं आणि बाळ दोघांचाही जीव अडकलेला असतो. हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे कोण आलं असेल? तीस वर्षं बाजारातल्या तराजूंना घाम फोडणारे वजनमापांचे निरीक्षक घरात रिकामे बसलेत, त्यांना काम मिळालं.

तुमचे जावई मजेत आहेत. अख्ख्या गावाच्या लिफ्ट दुरुस्त करतात आणि आमच्या इमारतीतली दोन महिने बंद आहे. मी चार जिने चढते आणि प्रत्येक मजल्यावर त्यांचा उद्धार करते.

आशीर्वादाला पात्र आणि सदैव भुकेली,
छटाक


२८ फेब्रुवारी

चि. छटाक हिस अनेक आशीर्वाद.

जुळं नाही हे कळून तुझी आई हिरमुसली. तिच्या दोन टोप्या विणून झाल्या होत्या.

तुझं यंत्र खरं बोलतं कशावरून? मी तसलंच एक विकत आणलं आणि तुझ्या आईवर तपासून पाहिलं, ओळीने सहा वेळा. सहाव्या वेळी आकडा चांगलाच चढला, पण तो दोष यंत्राचा नव्हता. तुझं यंत्र दवाखान्यात ने आणि त्यांच्या यंत्राशेजारी ठेवून ताडून घे. मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून बसायचं. दंड काळजाच्या उंचीवर हवा. मध्ये बोलायचं नाही. हे शेवटचं तुला जड जाईल.

दर शनिवारी एक कार्ड टाकत जा. त्यावर फक्त आकडे. हवापाणी, गप्पाटप्पा आणि जावईबापूंचा उद्धार आईला वेगळा कळवावा.

इकडे सर्व ठीक. तिकडचे आकडे कळव.

तुझे,
बाबा

ता. क. ही मी, आई. यांनी आमच्या लग्नाचा फोटो भिंतीवरून उतरवून तिथे तुझ्या आकड्यांचा तक्ता लावलाय. पाहुण्यांना चहाआधी तो दाखवतात. तू नीट खा. आणि जिना सावकाश चढ, तोंड बंद ठेवून.


१४ एप्रिल

ती. बाबांस,
नमस्कार. साष्टांग आता जमत नाही, पोट आडवं येतं. उभ्यानेच घातलाय, गोड मानून घ्या.

आज विसावा आठवडा सरला. माझ्या रक्तात एक आगाऊ अँटीबॉडी आहे, ती बाळाच्या हृदयाचे ठोके मंद करू शकते. म्हणून गेला महिनाभर दर मंगळवारी बाळाचं हृदय तपासतात. मंगळवारी मला सकाळपासून घास उतरत नाही. आज तपासणाऱ्या बाईंनी पडदा माझ्याकडे वळवला आणि मिनिटाला एकशे सेहेचाळीस ठोके असल्याचं सांगितलं. हृदय उत्तम चाललंय. तुमचे जावई कान देऊन ऐकत होते. बाहेर आल्यावर म्हणाले की इतकी सुरळीत मोटर त्यांनी आजवर एकाही लिफ्टमध्ये ऐकलेली नाही. मी हसले आणि मग दहा मिनिटं बाकावर बसून रडले. आनंदानेच, काळजी नको.

छापखान्यात मालकीणबाईंनी माझं टेबल खिडकीपासून हलवून कागदाच्या गठ्ठ्यांमागे लावलंय. उन्हाने गालांवर पुन्हा लाली उठू नये म्हणून. बाहेर पडताना मी रुंद टोपी, लांब बाह्या आणि हातमोजे असा जामानिमा करते. कोपऱ्यावरचा न्हावी मला मधमाश्या पाळणारी समजतो, परवा त्याने मधाचा भाव विचारला. सध्या बियाणांच्या एका पुस्तकाची मुद्रितं तपासते आहे. त्यात एका भोपळ्याचं वजन चारशे किलो छापलं होतं. चाळीस होतं ते. निरीक्षकांच्या लेकीच्या नजरेतून सुटतंय होय.

एकच गोष्ट नकोशी वाटते. हृदय तपासायला जाताना ती खोली लागते, जिथे दोन वर्षांपूर्वी मूत्रपिंडं रुसली तेव्हा मी चाळीस दिवस काढले. मी त्या बाजूला बघतच नाही. समोरच्या भिंतीवरची आग विझवण्याची सूचना वाचत जाते. आता ती पाठ झाली आहे.

तुमची,
गरगरीत छटाक


२२ एप्रिल

चि. छटाक हिस अनेक आशीर्वाद.

एकशे सेहेचाळीस हा आकडा तक्त्यावर लाल शाईने घेतला आहे. शेजारच्या काकूंनी तो कशाचा म्हणून विचारलं, तेव्हा मी त्यांना अर्धा तास समजावून सांगितलं. आता त्या येत नाहीत.

एक तक्रार. तुझ्या कार्डांवर आकड्यांशेजारी तुझी बडबड असते. १२७/८१, जिने चढून. १२३/७७, मालकीणबाई रजेवर. १३१/८४, नवऱ्याने दूध उतू घालवलं. हे नियमाला धरून नाही. पण आईला वाचायला आवडतं, तेव्हा चालू दे.

आकडे कळवत जा.

तुझे,
बाबा


२४ जून

ती. बाबांस,
नमस्कार.

दोन आठवडे कार्ड टाकायचं राहून गेलं, म्हणून सगळं एकदमच कळवते. कामाची गडबड होती. सगळं अगदी उत्तम आहे. ब्लडप्रेशर रोज १२०/८०, एक-दोनदा ११०/७०. पट्टी स्वच्छ. बाळ छान हालचाल करतं. सव्वीस आठवडे झाल्यापासून हृदयाची तपासणीही थांबली आहे. एकतिसावा आठवडा चालू आहे. मुळीच काळजी करू नये.

आईला नमस्कार.

तुमची,
छटाक


३० जून

चि. छटाक हिस अनेक आशीर्वाद.

हे पत्र टपालाने आलेलं नाही, हे तुला दारातच कळलं असेल. पहाटेच्या गाडीने तुझी आई ते घेऊन निघाली आहे. फोन केला असता तर तू ठीक आहे म्हणाली असतीस, आणि मला तेवढंच ऐकू आलं असतं. जावईबापूंना मात्र केला. ते काम सोडून घरी येतील.

तुझं चोवीस तारखेचं पत्र काल दुपारी आलं. मी आकडे तक्त्यावर उतरवायला घेतले आणि चौथ्या ओळीला हात थांबला. माझ्या नोकरीत असं बऱ्याचदा व्हायचं. दुकानदाराने रोज वजनं तपासून वहीत नोंद करायची, असा नियम होता. बहुतेक जण करायचे नाहीत आणि मी येणार असं कळलं की महिनाभराच्या नोंदी एका बैठकीत भरून टाकायचे. मला वही उघडल्याबरोबर कळायचं. एकही खाडाखोड नाही, एकही विचित्र आकडा नाही, सगळं गोल गोल. माणूस मनाने आकडा लिहितो तेव्हा त्याच्या शेवटी शून्यच येतं. तुझं यंत्र चार महिन्यांत एकदाही दोन दिवस सारखं बोललेलं नाही. आणि उतू गेलेलं दूध कुठे आहे? जिना कुठे आहे?

मी रागावलेलो नाही. ते दुकानदार लबाड असायचे असं मला आधी वाटायचं. पुढे पुढे कळलं की निम्म्यांना नुसती भीती असायची. आपला तराजू चुकतोय असा संशय आला की ते त्याच्याकडे बघणंच बंद करायचे.

आता पाच मिनिटं पाठ टेकून बस. आई दंडाला पट्टा बांधेल. जे येईल ते येऊ दे.

तुझे,
बाबा


१ जुलै

अहो,

फोनवर तुम्हाला धड सांगता आलं नसतं म्हणून बाकावर बसून हे खरडतेय. आपली पोर आणि बाळ दोघंही आहेत. आधी हे नीट वाचा आणि मग पुढे जा.

तुमचं पत्र तिने उभ्यानेच वाचलं आणि मग खाली बसून हात पुढे केला. १५२/९८. पट्टी तर पाल्यासारखी हिरवी. पावलं सुजलेली, बोटातली अंगठी काढून ठेवलेली. नवऱ्याला म्हणे, उकाड्याने सूज येतेच असं सांगितलं होतं. लिफ्ट बंदच होती. जावई आणि खालचे दोन भाडेकरू यांनी तिला खुर्चीत बसवून चार जिने खाली आणलं. प्रत्येक वळणावर जावई तिची माफी मागत होते.

त्याच खोलीत ठेवलंय तिला, त्या चाळीस दिवसांच्या. दोन्ही डॉक्टर खाटेच्या दोन बाजूंना उभे राहून वाद घालत होते. सांधेवाले म्हणतात ल्युपस उठलाय, डॉक्टरीणबाई म्हणतात हा गरोदरपणातल्या ब्लडप्रेशरचाच त्रास आहे. शेवटी दोन्ही धरून औषधं सुरू केली. बाळ जितके दिवस आत राहील तितकं बरं, पण हिच्या जिवावर बेतू द्यायचं नाही, असं ठरलंय. मी इथेच राहते आहे. तुम्ही चहा करून घ्या. साखर निळ्या डब्यात आहे, मीठ पांढऱ्या. उलट करू नका.

तुमची,
मी


२२ जुलै

ती. बाबांस,
नमस्कार. आता पोट आडवं येत नाही, पण टाके आहेत. पुन्हा उभ्यानेच.

आई तुम्हाला सगळं कळवतेच आहे, तरी हे माझ्या हाताने. परवा चौतिसावा आठवडा उलटला होता. दोन दिवस औषधांनाही माझं ब्लडप्रेशर जुमानत नव्हतं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी हत्यारं उचलली. मुलगी झाली. एक किलो नऊशे सत्तर ग्रॅम. काचेच्या पेटीत आहे, नाकाला नळी आहे, आणि रडते तेव्हा पेटीबाहेर स्पष्ट ऐकू येतं. तिच्या हृदयाला काहीही झालेलं नाही. माझा आकडा उतरतोय, पण सांधेवाल्यांचं म्हणणं, बाळंतपणानंतर ल्युपस पुन्हा डोकं वर काढतो, गाफील राहायचं नाही. मूत्रपिंडं सावरतील असं वाटतंय म्हणाले. नक्की सांगत नाहीत.

तुमच्या तक्त्याचं बोलायचं राहिलं. जूनच्या अकरा तारखेला मला १४३/९२ दिसलं. मी यंत्र टेबलाच्या खणात टाकलं आणि वर रुमाल घातला. म्हटलं, अजून चार आठवडे बाळ पोटात राहिलं तर वाचेल, आणि दवाखान्यात गेले तर डॉक्टर ते तेव्हाच काढतील आणि मला पुन्हा त्या खोलीत घालतील. दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणारी मी, आणि अठरा दिवस रोज सकाळी त्या खणासमोरून कपडे घालून कामाला जात होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आणखी आठवडाभर उशीर झाला असता तर आम्हा दोघींपैकी एकीचीच आशा होती. कोणाची ते मी विचारलं नाही.

तुम्ही तक्त्यावरचे ते दिवस खोडून खरे आकडे मागाल. ते कोणाकडेच नाहीत, बाबा. मी मोजलंच नाही. मला फार भीती वाटत होती आणि ती कार्डावर कुठे लिहायची ते कळेना.

तुमची,
छटाक


२६ जुलै

चि. छटाक हिस अनेक आशीर्वाद, आणि काचेच्या पेटीतल्या बाईसाहेबांसही.

एक किलो नऊशे सत्तर कोणत्या काट्यावर मोजलं, हे विचारणार होतो. विचारत नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग तुझी सगळी जुनी कार्डं काढून बसलो. आई नसल्याने घरात कोणी टोकणारं नव्हतं, चहा खारट झाला होता, तोही तसाच प्यायलो. त्या अठरा दिवसांची जागा तक्त्यावर कोरीच ठेवतो आहे. तुला त्याबद्दल पुन्हा कोणी विचारणार नाही, मीही नाही.

पण मला माझीच पत्रं आठवली. भीती कुठे लिहायची ते कळेना, असं तू म्हणतेस. कळणार कसं? मीच तुला लिहिलं होतं, कार्डावर फक्त आकडे. पाच महिने मी दर शनिवारी तुझं ब्लडप्रेशर मागितलं, पट्टीचा रंग मागितला, यंत्र ताडून घ्यायला सांगितलं. आज मनात शोधून शोधून पाहिलं, पण मी तुला एकदाही साधी विचारपूस केलेली आठवत नाही. मलाही भीती वाटत होती, बाळ. आकडा आला की ती आठवडाभर शमायची, म्हणून मागत होतो.

तर आता विचारतो. तू कशी आहेस?

उत्तर लिहू नकोस. मी उद्याच्या गाडीने निघतो आहे. तुझ्या खाटेजवळ बसेन, ज्या कानाने ऐकू येतं तो तुझ्याकडे करून. सगळं सांग.

बाबा