बसा म्हणायचं राहिलं

सोमवार, ४ मार्च

पुन्हा चुकीच्या बसमध्ये बसले! दोन थांबे उलटी चालत आले, वर्गात पोचेपर्यंत केसांचं पार टोपलं. बाराही जण वेळेवर हजर. विद्यार्थी कसले, माझ्या काका-मावश्यांच्या वयाचे! शिंपीण, बेकरीवाला, दोघी नर्स, एक रिटायर्ड पोस्टमन — दिवसभर आपापली कामं उरकून संध्याकाळी इंग्रजी शिकायला येतात.

तिकडे आपल्या देशात पंधरा वर्षं सातवी-आठवीची पोरं हाकली. इथे आवाज चढवायची सोय नाही. खडू नाही, घंटा नाही, "बाई, हा मला चिमटे काढतो" नाही. महिना होत आला तरी हात कुठे ठेवावेत ते कळत नाही.

मंगळवार, १२ मार्च

आज जे केलं ते लिहायचीही लाज वाटते.

पोस्टमनकाकांना — मनातल्या मनात मी त्यांना काकाच म्हणते — प्रश्न विचारला आणि सवयीने म्हणाले, "उभे राहा." हाताने खूणही केली. ते उठले. उत्तर चुकलं. मी शिंपिणीकडे वळले, मग फळ्याकडे, मग बेकरीवाल्याने काहीतरी विनोद केला त्यात रमले. "बसा" म्हणायचं राहूनच गेलं. आमची पोरं असती तर बाईंची पाठ वळताच हळूच टेकली असती, ते त्यांना शिकवावं लागत नाही. काकांना कोण शिकवणार? चाळीस मिनिटं उभे! एक हात बाकावर टेकून. मला वाटलं, पाय मोकळे करताहेत.

तास संपल्यावर शिंपीण जवळ आली. "त्यांनी काय केलं होतं?" इथे कुणी उभं राहून उत्तर देत नाही. लहान मुलंसुद्धा नाहीत. मी काय केलं? हसले. हसले!

बुधवार, १३ मार्च

माफी मागायचं ठरवून गेले होते. काका लंगडत आले. "गुड इव्हनिंग, टीचर." मी मान खाली घालून वह्या तपासत बसले.

उद्या नक्की.

गुरुवार, १४ मार्च

नाही मागितली.

रविवार, १७ मार्च

घरी फोन. बाबांना गंमत सांगितल्यासारखं सांगितलं. बाबा जुने हेडमास्तर, त्यांना काय! "अगं, केलं उभं तर केलं. मी काय कमी उभी केली? त्यातला एक मोठा साहेब झालाय, अजून पाया पडतो."

म्हटलं, "बाबा, ते तुमच्या वयाचे आहेत. गुडघा दुखरा आहे."

बाबांनी फोन आईकडे दिला. "नोकरी पक्की कधी होते गं? इथे जो भेटेल तो विचारतो."

राजीनामा देऊन आलेय मी. निरोपसमारंभ झाला, भाषणं झाली, "शाळेचं नाव सातासमुद्रापार" वगैरे. दोन महिन्यांत परत गेले तर तोंड कुठे लपवू?

शुक्रवार, २९ मार्च

आज कागद गोळा करायचा दिवस. इथली पद्धत अशी — विद्यार्थ्यांनी शिक्षकाबद्दल नाव न घालता लिहायचं, शिक्षकाने कागद गोळा करून न वाचता लिफाफ्यात घालायचे आणि ऑफिसात मुख्य बाईंकडे नेऊन द्यायचे. त्यावर नोकरी पक्की, नाहीतर घरचा रस्ता.

सगळ्यांनी घड्या घालून, इथल्या भाषेत लिहून दिलं. ती मला वाचताच येत नाही. एकच कागद इंग्रजीत, तोही उघडाच. अक्षर काकांचं. रोज तपासते, ओळखणार नाही?

"मी उभा राहिलो. माझा गुडघा दुखला. मी काय चूक केली? कृपया सांगा."

चार वाक्यं, चारही बिनचूक. माझ्या आधीच्या बाईंपासून शिकताहेत, पण वहीत पुस्तकातलं उतरवण्यापलीकडे कधी गेले नव्हते. हे पहिलंच स्वतःचं. दुसरी कुठली बाई असती तर नाचली असती.

जिन्यात तो कागद मी पर्समध्ये घातला आणि लिफाफा चिकटवला. हात जरासुद्धा थरथरले नाहीत. त्याचीच जास्त लाज वाटते आहे.

सोमवार, १ एप्रिल

काका तासभर माझ्या तोंडाकडे बघत होते. रागाने नव्हे. नुसतेच. मी त्यांना प्रश्न विचारणंच सोडून दिलंय.

शुक्रवार, ५ एप्रिल

नोकरी पक्की! मुख्य बाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. म्हणाल्या, "एकही तक्रार नाही." आई फोनवर रडली. बाबा म्हणे शेजारीपाजारी सांगून आले.

मला घास गेला नाही.

मंगळवार, ९ एप्रिल

मुख्य बाई वर्गातच आल्या. त्या दिवशी हजेरीत बारा, कागद मात्र अकरा. कुणाचा राहिला?

काकांनी हात वर केला. त्यांच्या भाषेत दोन वाक्यं बोलले. बाईंनी मला इंग्रजीत सांगितलं, "म्हणतात, मी ऑफिसला काही लिहिलं नाही." मान डोलावून गेल्या. विषय संपला.

मला वाचवलं त्यांनी! ज्या माणसाचं म्हणणं मी चोरलं, तोच भर वर्गात माझ्यासाठी खोटं बोलला. धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मी मात्र फळ्यावर तारीख लिहीत राहिले. नालायक!

उद्या कागद त्यांच्या हातात देणार, पाया पडावं लागलं तरी चालेल. मग बाईंकडे जाणार. नोकरी गेली तर गेली.

बुधवार, १० एप्रिल

वर्ग भरायच्या आधी गाठलं. कागद पुढे केला. म्हटलं, माझ्यासाठी खोटं का बोललात?

काकांना आधी कळेचना. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, "खोटं नाही. ऑफिसला नाही लिहिलं. तुम्हाला लिहिलं. तुम्हाला वाचता यावं, म्हणून इंग्रजीत."

कागद परत माझ्याकडे सरकवला.

"बारा दिवस उत्तराची वाट बघतोय, टीचर."