हात पुढे कर

दादा,

'हात पुढे कर' म्हणत बाबांनी आई, तू आणि मी, तिघांनाही छडीने फोडून काढलं. सभा गाजवणारी मी, तुला लिहिलेली दोन पत्रं मात्र फाडून टाकली.

पक्षाघाताने त्यांचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा आई पहिल्यांदा पोटभर जेवली.

आज फिजिओथेरपीच्या ताईंनी बाबांना व्हीआरचा चष्मा लावला. त्यात दिसणारे फुगे लुळ्या हाताने फोडायचे होते.

"आजोबा, हात पुढे कर बघू!" लहान मुलाला सांगावं तसं ताई म्हणाल्या.

शेजारी बसलेल्या आईनेच मुकाट्याने तळहात पुढे केला. बाबांचा हात सपकन उठला आणि तिच्या तोंडावर आदळला. ओठ फाटला.

"अगं बाई, लागलं का आजी? पण हात उठला की हो!" ताई हरखल्या.

चष्म्याआडून बाबा म्हणाले, "अजून एक."

दादा, तो हात बरा व्हायच्या आत ये आणि आईला तुझ्याकडे घेऊन जा.

तुझी,
धाकटी