डावखुरी

प्रिय वन्सं,

वयाने लहान असूनही वन्सं म्हणते म्हणून तू चिडतेस, पण आता या वयात सवय मोडणार नाही. तू परत गेल्यापासून घर फार आवरलेलं राहतं. पसारा करणारं कोणी नाही.

दादा रस्त्याच्या मधोमध का थांबला, असं तू विचारलं होतंस. तेव्हा सांगितलं नाही, ते आता लिहिते. चारचौघांत मला बोलायला जमत नाही.

बस डेपोतून निवृत्त झाल्यावर ह्यांनी अंथरूणच धरलं होतं. गोळ्यांनी नुसती गुंगी यायची. मग कोणीतरी चष्म्याच्या दुकानावरच्या त्या केंद्राबद्दल सांगितलं. स्वच्छ खोली, आरामखुर्ची, डोक्यावर तारांची टोपी. तुम्ही डॉक्टर का, असं मी तिथल्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "छे हो, हा उपचारच नाही. मेंदूचा सराव आहे. परवाना उपचाराला लागतो." हे म्हणाले, "ऐकलंस? म्हणजे मी आजारी नाही!" आणि हसले. किती दिवसांनी हसले होते! मी आणखी काय विचारणार?

आणि खरंच बरे झाले. रोज दाढी करू लागले, शीळ घालू लागले. एकदा जेवताना सहज म्हणाले, "ती डाव्या हाताने जेवते म्हणून रागावू नकोस हं." कोण, विचारलं तर म्हणाले, "अगं, आपली मुलगी."

आम्हाला मूल नाही हे ते विसरले होते असं नाही. विचारलं की कबूल करायचे, आणि लगेच तिच्याबद्दल बोलायचे. जिन्यावर पडून पुढचा दात तुटला, फुगा फुटला की घाबरते, सगळं डाव्या हाताने करते. त्यात वेडसर काही नव्हतं. शेजारच्या पोरीबद्दल बोलावं तसं बोलायचे. हळूहळू मीही विचारू लागले, आज कशी आहे म्हणून.

मग केंद्राच्या बाकावर एका ड्रायव्हरची बायको भेटली. बोलता बोलता म्हणाली, "आम्हाला दोन्ही मुलगेच, पण आमच्या ह्यांना आताशा एक मुलगी आठवते. डावखुरी आहे म्हणे." तिचा दात कसा तुटला, ते मी सांगितलं. ती बाई उठली आणि लांबच्या बाकावर जाऊन बसली.

केंद्रातल्या बाई मात्र शांत होत्या. "सुखाची आठवण आहे ती. सगळ्यांना तीच लावतो, छान बसते." ती मुलगी कोणाची, ते त्यांनाही माहीत नव्हतं. मशीनबरोबरच आली, म्हणाल्या.

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "असेल," म्हणाले, "पण शाळा सुटायची वेळ झाली," आणि चपला घालून निघाले. मी मागोमाग होते. शाळेच्या फाटकाशी थांबले, मुलं पांगली, मग परत निघाले. रस्ता ओलांडून झाला होता, वन्सं. पलीकडे पोचले होते. मग वळून पाहिलं, आणि मागे राहिलेल्या कोणाला तरी हात द्यायला परत उतरले. ट्रकवाल्याची काही चूक नाही.

पोलीस म्हणाले, अपघात. आरोग्य खातं म्हणालं, उपचार नाही तर ते आमच्या कायद्यात बसत नाही. वकिलांचं म्हणणं, बायकोने किंवा बहिणीने लेखी तक्रार दिली, तर निकालापर्यंत केंद्र बंद ठेवण्याचा आदेश मिळू शकेल. कागद सोबत पाठवते आहे.

सही तू कर. मी पेन उचलून पाहिलं, आणि परत ठेवून दिलं. हे गेल्यापासून तिची खबर सांगणारं कोणी उरलं नाही, आणि ती कशी असेल हा विचार डोक्यातून जात नाही. काल मी केंद्रात जाऊन आले. बाईंनी ओळखलं, पाणी दिलं, ह्यांचीच खुर्ची दाखवली. सोमवारी बोलावलं आहे. दार उघडं असलं तर मी जाणार, वन्सं. मला कोणी अडवू शकणार नाही, तूसुद्धा नाही. म्हणून त्याआधी बंद करून टाक.

तुझीच,
वहिनी