काकांचे निळसर ऑस्ट्रियन

१२ जानेवारी, सोमवार

आज लॅबमध्ये गंमत. डॉक्टरांनी एका पेशंटला दाताच्या कॅपची शेड जुळवायला थेट आमच्याकडे परळला पाठवलं. विजयकर, अठ्ठ्याहत्तरीचे, गिरगावचे, कडक इस्त्रीचा शर्ट. मी शेडची पट्टी दाताला लावतोय आणि हे माझ्या खांद्यावरून बाकाकडे बघतायत. जेवणाच्या सुट्टीत मी रंगवलेला एक बोटभर शिपाई तिथे कवळ्यांच्या रांगेत वाळत होता.

"हा प्रशियन ना? अठराशे सहासष्टचा?"

तोंडात माझं बोट, त्यामुळे "फ्रफियन" ऐकू आलं. आजवर याला लोकांनी बँडवाला म्हटलंय, वॉचमन म्हटलंय. पहिल्यांदा कोणी ओळखला! आनंदात शेड चुकीची लिहिली, परत बघावी लागली.

त्यांच्याकडे त्याच युद्धातलं, प्रशियाच्या विरुद्ध बाजूचं अख्खं ऑस्ट्रियन सैन्य आहे, असंच बोटभर शिपायांचं. टेबलावर लढाई खेळायचे फासे, मोजपट्टी, नियमांचं पुस्तक, सगळं. पण समोर प्रशिया घेऊन बसणारा मित्र वारला, तेव्हापासून खेळ बंद.

"रविवारी ये घरी. मला शत्रू हवाय."

१८ जाने., रवि.

गिरगावला गेलो. विजयकर काकांनी स्वतः आल्याचा चहा केला. मग कपाट उघडलं. वरच्या फळ्यांवर पांढऱ्या कोटांच्या पलटणी, बघत राहावं अशा. खालच्या दोन फळ्यांवरच्या मात्र…

"या गेल्या चार-पाच वर्षांतल्या. हात अजून चालतो की नाही?"

"चालतो की."

हात चालतो, खरंच. रेघ कुठे हललेली नाही. पण कोट पांढरे नाहीत, निळसर आहेत. पांढऱ्यातले फरक बघण्यावरच माझं पोट, मी फसणार नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू; सगळं पिवळट दिसत असणार, मग पांढरं वाटेपर्यंत निळा मिसळत गेले असतील.

बोललो नाही. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. त्यानंतर लढाई, असं ठरलं.

२० जाने.

सुजाता बँकेतून आल्यावर तिला सांगितलं.

"मग सांगून टाका ना त्यांना."

"कसं सांगू? एवढ्या वर्षांचं काम आहे."

"डोळे उघडले की दिसणारच आहे."

"तेच तर. मग मी कशाला सांगू?"

तिने नुसतं बघितलं. ते बघणं मला लग्नापासून चांगलं माहितीये.

वरळीच्या या नव्या घरात आल्यापासून प्रशियनांना खिडकीजवळचं टेबल मिळालंय. चाळीतल्या खोलीत गादी गुंडाळल्याशिवाय ब्रश काढता यायचा नाही. आता त्याच टेबलावर आई भाजी निवडते. आज एका शिपायाच्या पाठीला मेथीचं पान. तसाच वाळला.

२९ जाने.

प्रशियनांची नवी पलटण पुरी! आधी काळा, त्यावर गडद निळा, उंचवट्यांवर जरा फिका. लाल कॉलर. हेल्मेटचं पितळी टोक करताना श्वास रोखून धरतो. आई म्हणाली, "अरे, श्वास घे, नाहीतर तूच पडशील आणि हे उभे राहतील."

५ फेब्रु.

काकांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली. फोन केला. "ठीक आहे," म्हणाले आणि ठेवला. लढाईचं नाव नाही.

८ फेब्रु., रवि.

न राहवून गिरगावला गेलो. काका काळ्या चष्म्यात, समोर टेबलावर ती सगळी निळसर फौज. चहाचं विचारलं नाही.

"तुला दिसत होतं?"

"हो."

"पहिल्याच दिवशी?"

"हो काका."

"पेशंटला निळा दात बसवून 'छान दिसतोय' म्हणतोस का रे?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून…"

"वाटलं असतं. मग रंग बदलला असता. मी तुला शत्रू म्हणून बोलावलं, मिलिंद. लाड करायला नाही."

सॉरी म्हटलं. उठलो. चपला घालतोय तोवर मागून हसण्याचा आवाज.

"अर्धी फौज तुला फितूर झाली की रे!"

परत बसलो. मग ते त्यांच्या बायकोबद्दल बोलले. नलूताई, दोन वर्षांपूर्वी गेल्या. आजारपणात याच खुर्चीत बसून असायच्या. "प्रत्येक शिपाई तिला दाखवायचो. 'छान झालाय' म्हणायची. सुईत दोरा शेवटपर्यंत स्वतः ओवायची ती. म्हणजे तिलाही दिसत होतं." समोरचा एक शिपाई उचलला. "आता तिच्यावर रागवू कसा?"

आणि चष्मा काढून डोळा पुसायला निघाले. "हात लावायचा नाही!" मी ओरडलोच. दोघंही हसलो.

१५ फेब्रु., रवि.

लढाई! आमच्या घरी. काका टॅक्सीने खोके घेऊन आले, निळसर फौजेसकट. आई खुर्ची ओढून बसली.

"यातले आपले कुठले?"

"गडद निळे आपले."

"आणि हे फिकट?"

"माझेच हो," काका म्हणाले, "पण त्यांचं अजून नक्की नाही."

नक्की नसलेल्यांनीच माझी डावी बाजू कापून काढली. वर सुजाता काकांसाठी फासे टाकत होती, तिला सहाशिवाय काही पडेना. हरलो. पार धुव्वा. कित्येक महिन्यांत इतका मजेत दिवस गेला नव्हता.

२२ फेब्रु., रवि.

गिरगाव. काका दारातच म्हणाले, "पांढरा आणलायस?" आणला होता. नलूताईंनी 'छान' म्हटलेल्या फिकट पलटणीतला एक शिपाई त्यांनी माझ्या हातात दिला.

"एकच रंगव. बघू या कसं वाटतं."

पॅलेटवर थेंब काढला. ब्रश भिजवला. कोटाला टेकवणार तेवढ्यात,

"थांब. आधी चहा घेऊ."

चहा घेतला. खारी झाली. काका पुढच्या लढाईत नदी कुठे ठेवायची ते सांगत बसले, कापडाची निळी पट्टी इकडून तिकडे सरकवत. बघतो तर पॅलेटवरचा पांढरा वाळलेला. मी नवा काढला नाही. त्यांनी मागितला नाही. निघताना शिपाई कपाटात ठेवू का विचारलं.

"नको. राहू दे टेबलावरच."