वापरातलं कुलूप

हाले,
रविवार, १२ फेब्रुवारी

प्रिय इर्मी ताई,

खूप खूप प्रेम. रोस्टॉकचं समुद्राचं वारं तुझ्या गुडघ्यांना मानवतंय ना? अंत्ये म्हणत होती, आई जेवते व्यवस्थित, पण बोलत नाही. इकडे माझं बरं चाललंय. थंडी हटायला तयार नाही, बागेतला पाण्याचा नळ पुन्हा फुटला आणि शेजारच्या त्सीग्लरनं त्याचं खापर माझ्यावर फोडलं. तुझ्या कुंड्यांना नेमानं पाणी घालतोय. खिडकीतलं सायक्लमेन मस्त फुललंय.

या आठवड्यात तुला दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवून दिला. फोनवर मी विषय कसा उडवून लावतो, ते तुला ठाऊक आहे. म्हणून कागद घेऊन बसलोय. सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर पुन्हा कुठूनतरी निसटायला बघेन.

माझी हेल्गा वारली तेव्हा तूच माझ्या मागे लागली होतीस. "लोटार, घरात बसून कुजू नकोस. नाच शीक, मासे पकड, काहीही कर." नाच मला बापजन्मी जमला नसता आणि माशांची मला दया येते. मग वाचनालयात एक चिठ्ठी लावलेली दिसली: हौसेखातर कुलपं उघडणाऱ्यांचं मंडळ, दर मंगळवारी संध्याकाळी, सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे, नवख्यांचं स्वागत. मी पाकीट आतल्या खिशात कोंबून गेलो, म्हटलं सगळे चोरच असणार. बघतो तर एक दाताचे डॉक्टर, दोन विद्यार्थी आणि स्वेन्या नावाची एक पोरगी, दोन्ही हात गोंदवलेले. मंडळ तीच चालवते.

हत्यार हातात देण्याआधी ती प्रत्येकाकडून दोन नियम मोठ्यानं म्हणवून घेते. कुलूप आपलं हवं, किंवा मालकानं स्वतः हातात दिलेलं. आणि जे कुलूप वापरात आहे त्याला हात लावायचा नाही, मग ते स्वतःच्या घराचं का असेना. बालवाडीत कविता म्हणावी तसे ते नियम मी म्हटले आणि हसलो. स्वेन्या हसली नाही.

पण ताई, काय सांगू, मला ते फार आवडलं. एका हातात वाकडी पट्टी, तिनं कुलपाला आतून जरासा पीळ द्यायचा. दुसऱ्या हातात बारीक आकडी, तिनं आतल्या खिट्ट्या एकेक करून ढकलायच्या. खिट्टी जागेवर बसली की बोटाला इवलीशी टिचकी जाणवते. डोळ्यांचा काही उपयोग नाही. मी सुरुवातीला नुसता जोर लावायचो.

"आजोबा, ट्रामचा ब्रेक दाबताय का?" स्वेन्या ओरडायची. "जोर कमी! आणखी कमी!"

"अगं, आयुष्यभर ट्रामच दुरुस्त केल्या मी."

"दिसतंय ते. आता जरा ऐकायला शिका."

पहिलं कुलूप उघडलं तेव्हा हेल्गा गेल्यानंतर पहिल्यांदा मी एकटाच खदखदून हसलो. दाताच्या डॉक्टरांनी बिअर पाजली. मग बाजारातून जुनी कुलपं आणायला लागलो. जेवणाच्या टेबलावर ताट ठेवायला जागा उरली नाही.

नाताळच्या जेवणाला तुझ्याकडे आलो, तेव्हा एक पितळी कुलूप सोबत आणलं होतं, आठवतं? तू काय म्हणालीस!

"तुला काकडीची बरणी उघडून द्यायला हेल्गा लागायची. तू कुलपं उघडणार?"

मी तुझ्या डोळ्यांदेखत ते उघडलं. तू टाळ्या वाजवल्यास. मग मला चेव चढला आणि मी म्हणालो, "आता तुझं दार उघडून दाखवतो."

"माझ्या दाराला हात लावायचा नाही," तू म्हणालीस आणि ताटं उचलायला लागलीस. आवाज चढला नव्हता. पण तू नाही म्हणाली होतीस, स्पष्ट. मला ते ऐकू आलं होतं.

आता जानेवारीतला तो गुरुवार. तू गाण्याच्या सरावाला गेली होतीस. माझ्या डोक्यात एकच होतं: तू परत येशील तेव्हा मी स्वयंपाकघरात कॉफी करून बसलेला असेन आणि तुझं तोंड बघण्यासारखं होईल. जिन्यात कोणी नव्हतं. तू नेहमीसारखी किल्ली दोनदा फिरवून गेली होतीस, त्यामुळे वेळ लागला. दार उघडलं तेव्हा मी हवेत मूठ उडवली, ताई. माझा आनंद गगनात मावत नव्हता, हे तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. आत गेलो, पाणी उकळायला ठेवलं, आकड्यांवरचे दोन कप काढले, साखरेचं भांडं घेतलं.

मग कोट टांगायला दाराशी आलो आणि पायपुसण्यावर ट्रामच्या तिकिटाची घट्ट घडी पडलेली दिसली. मला क्षणभर काही कळलं नाही. आणि मग कळलं. तू अजून दारात कागद अडकवतेस. इतक्या वर्षांनीही, बाहेर पडताना, दार आणि चौकट यांच्यामध्ये, मागे कोणी दार उघडलं तर कळावं म्हणून.

ते दिवस मी विसरलो होतो असं म्हणणार नाही. सोयीस्करपणे बाजूला ठेवले होते. तू सरकारविरोधातल्या त्या अर्जावर सही केलीस, तू शिकवायचीस त्या शाळेत तुझ्यावर पाळत सुरू झाली, आणि मग तुझ्या घरात गोष्टी हलायला लागल्या. टॉवेल दुसऱ्या खिळ्यावर. गजराचं घड्याळ तासभर पुढे. चहाच्या डब्यात दुसराच चहा. चोरीला काहीच नाही, कुलूप शाबूत. तू सांगायचीस आणि सगळे एकमेकांकडे बघायचे. रुडिगरनं, नवरा असून, तुला मानसोपचाराच्या डॉक्टरकडे नेलं आणि पुढे घर सोडून गेला. मीही म्हणालो होतो, "ताई, तू शाळेत फार दमतेस." बर्लिनची भिंत पडल्यावर सगळं खरं निघालं. तू घरी नसताना गुप्त पोलिसांची माणसं येत होती, तुला वेड लागावं म्हणून. तेव्हा मला माहीत नव्हतं, असं मी स्वतःला आजवर सांगत आलो. चालून गेलं.

त्या गुरुवारी पायपुसण्यावरचा कागद मी उचलला. तिथेच बसून राहायला हवं होतं. तू आलीस की समोर उभं राहून शिव्या खायला हव्या होत्या. मी गॅस बंद केला, कप कसेबसे टांगले, भांडं फळीवर ढकललं, कागद दारात खोचला आणि पळालो. दार नुसतं ओढून घेतलं. दोनदा बंद करायला पुन्हा तेवढाच वेळ लागला असता आणि मला तुझी भीती वाटली.

संध्याकाळी तुझा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"लोटार, घरात कोणीतरी येऊन गेलं."

"काय गेलं चोरीला?"

"काही नाही. निळा कप डावीकडे आहे. किटलीत पाणी कोमट आहे. कागद खाली होता, मी नेहमी वर लावते. आणि कुलूप एकदाही फिरवलेलं नव्हतं."

बोलायला तोंड उघडलं होतं मी. "ताई, मीच तो गाढव" एवढं म्हणायचं होतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "तूच ठेवलं असशील गं. सरावाच्या घाईत होतीस. दमतेस हल्ली."

तेच वाक्य, ताई. यावेळी सगळं माहीत असून.

पुढचं तर त्याहून वाईट आहे. तुला धीर यावा म्हणून मी नवं कुलूप आणलं आणि स्वतः बसवून दिलं. तू मला सूप वाढलंस. मी पाना पुसत असताना तू विचारलंस, "तू आता यातला जाणकार. खरं सांग, जुनं कुलूप खूण न ठेवता कोणाला उघडता आलं असतं?"

"छे. शक्यच नाही," मी म्हणालो. "ओरखडे दिसले असते."

तू चमचा खाली ठेवलास. मग म्हणालीस, "म्हणजे माझंच डोकं गेलं." आणि मी सूप संपवलं.

त्यानंतरचं तुला माहीतच आहे. तू अंत्येकडे गेलीस. विसरायला लागले आहे, असं डॉक्टरांना तू स्वतःच सांगितलंस. काल अंत्येचा फोन आला: तिकडच्या वृद्धाश्रमात जागा मिळाली आहे, आणि शुक्रवारी तू इथलं घर सोडल्याच्या कागदावर सही करायला येणार आहेस. ती फोनवर रडत होती. "मामा, तुम्ही तरी सांगा, आईला हे कधीपासून होतंय?" मी म्हणालो, बघून सांगतो.

मंगळवारी मी स्वेन्याला सगळं सांगितलं होतं. वाटलं होतं, ती चार शिव्या देईल आणि मन हलकं होईल. तिनं माझ्या पुढ्यातलं कुलूप उचलून घेतलं.

"मला सांगून काय उपयोग? दार कोणाचं आहे?"

"ताईचं."

"मग तिला सांगा. तोवर इथे पाय ठेवू नका, आजोबा."

तिचं बरोबर आहे. तरी माझे पाच दिवस टाळण्यात गेले, आणि अंत्येचा फोन आला नसता तर आणखीही गेले असते. इतका भित्रा आहे मी.

शुक्रवारी सही करू नकोस. घर सोडायचंच असेल तर गुडघ्यांसाठी सोड, अंत्येजवळ राहावंसं वाटतं म्हणून सोड, माझं तोंड पुन्हा दिसू नये म्हणून सोड. पण डोकं चालत नाही म्हणून सोडू नकोस. हेच पत्र मी अंत्येलाही वेगळ्या पाकिटातून पाठवतोय, म्हणजे आता मला मागे फिरता येणार नाही. डॉक्टरांना वाचून दाखवा. पोलिसांकडे न्यायचं असेल तर न्या, मी नाकारणार नाही.

क्षमा मागायला मन धजत नाही. ती मागितली की तुलाच माझी समजूत काढावी लागेल, आणि तू काढशीलही. त्याआधी तुला जे ऐकायचा हक्क आहे ते लिहितो. त्या गुरुवारी तुझ्या घरात माणूस आला होता. कप हलले होते, पाणी कोमट होतं, कागद खाली होता. तू सांगितलंस त्यातलं अक्षर न अक्षर खरं होतं. तेव्हाही, आत्ताही.

तुझ्या घरात शिरलेला माणूस,
तुझा भाऊ
लोटार