आत्याच्या जागी पोतं

सोलापूर, २ जानेवारी

ती. स्व. सुंदरम्मा आत्या यांस,
सा. न. वि. वि.

अठरा तारखेला अक्कलकोटला हेमावतीला बघायला जायचे आहे. स्थळ तुम्ही आणलेत, तेव्हा तुमच्याशिवाय गाडी हलणार नाही. त्यांच्या दारात माझी लाल गाडी रुबाबात दिसावी म्हणून पंधरा इंची चाके काढून सतरा इंची, रुंद टायरची घ्यावीत असे मनात आहे. टायरवाल्या सिद्धप्पांनी दोन दिवस बसवून बघायला दिली आहेत. पण मागे भार पडला की रुंद टायर मडगार्डला घासतो, असे ते म्हणतात. फोनवर विचारायचा धीर झाला नाही. आपले वजन अंदाजे किती असावे?

लोभ आहेच, तो उत्तर लिहितानाही असू द्यावा.

आपला,
अमरेश

माढा, ७ जानेवारी

चि. अमरेश यास,
अ. उ. आ.

माझं वजन मागे गड्ड्याच्या जत्रेत केलं होतं. काटा गेला तो माघारी आलाच नाही. तुझ्या बहिणीचा, शिवानीचा फोन आला होता. तू मागच्या सीटवर ज्वारीचं पोतं ठेवलंस, त्यावर खडूने आत्या लिहिलंस आणि पट्टा बांधून होटगी रोडला फिरवून आणलंस म्हणे. लई माया की रे! मग मी कशाला येऊ? पोत्यालाच इरकल नेसव अन् घेऊन जा. बोलणी तेच करील.

पोत्याहून जड,
तुझी आत्या

सोलापूर, ११ जानेवारी

ती. स्व. आत्या यांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचल्यापासून जेवण गोड लागत नाही. खडूने शिवानीने लिहिले. पट्टा मात्र मी बांधला. टायर घासला, आणि रबर पातळ असल्याने प्रत्येक गतिरोधक पाठीत बसला. सतरा इंची परत केली, सोळा घेतली. आता दीड पोते ठेवून पाहिले, घासत नाही. दीड का, हे कृपया विचारू नये. तुम्ही आला नाहीत तर तिथे माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. पुढची सीट तुमची.

रागावर लोभाचा भार जास्त असू द्यावा.

आपला,
अमरेश

माढा, २० जानेवारी

चि. अमरेश यास,
अ. उ. आ.

रविवारी मी जाता-येता कान देऊन होते, कुठं घासलं नाही. हेमावतीनं चहात साखर किती विचारलं, तर तू सोळा म्हणालास! सगळ्यांत जास्त तीच हसली. आत स्वयंपाकघरात मी तिला पोत्याची हकिकत सांगितलीच होती. आज होकार आला. आत्यासाठी चाक लहान करणारा मुलगा चालेल, म्हणाली.

आता ते पोतं दळून आण. साखरपुड्याच्या कडक भाकरी त्याच्याच करू. व्याह्यांनी भाकरी खाल्ली की आत्या कशी लागली, ते तूच विचार.

तुझी,
सुंदरम्मा आत्या