माणिकबाई जिन्यात उभ्या आहेत

रागिणीताई,

संत्र्याचा ट्रक भरायले वरूडले बोलावलं, म्हणून तू अकोटहून यायच्या आतच निघून राहिलो. उद्या दुपारी येतो.

कंप्युटरवर आपली भूतबंगल्याची गेम चालू आहे. खुनी शोधू नको. तुह्या लग्नापासून आपली डिटेक्टिव जिन्यातच उभी आहे. तिचं नाव तू आईचं ठेवलं होतं. आई म्हणते, "माहे गुडघे काहून दुखून राहिले, ते आता समजलं."

मी एकदा एकटाच वरच्या खोलीत गेलो होतो. भूत आलं, तसे सवयीनं डोळे मिटले अन् माउस तुह्याकडे सरकवला. बाजूच्या खुर्चीवर कोणीच नव्हतं. भुतानं माणिकबाईले मारून टाकलं. आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती, तिले काही सांगितलं नाही. गेम पुन्हा जिन्यापासून सुरू झाली. तवापासून मी वर गेलो नाही.

तू आज संध्याकाळच्या बसनंच परत जाणार, असं आई म्हणे. जाऊ नको ना व. भाऊजीले फोन कर. सांग, घरात खून झाला, तपास लागेपर्यंत कोणाले गावाबाहेर जाता येत नाही.

शेखर